पद्मिनीचा पाइप कशाने जोडावा

बडोद्याच्या अकोटा-दांडिया बाजार पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. जानेवारीची रात्र, गाडीच्या काचा वर. बायको म्हणाली, "अहो, मळमळतंय मला. डोकंही जड झालंय." तासाभरापूर्वी आम्ही शेव-उसळ खाल्ली होती, आणि वरून तरी मी जरा जास्तच ओतून घेतली होती. सगळा दोष मी तिला दिला, म्हणजे तरीला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाट अंथरून गाडीखाली सरपटलो. इंजिनाकडून मागे येणाऱ्या धुराच्या पाइपाला बोट लावलं, तर बोट आत गेलं. गंजाची पुंगळी झाली होती नुसती. उसळ निर्दोष सुटली.

गाडी म्हणजे आमची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीचं इंजिन, वडिलांनी घेतलेली. तिचे लाड आम्ही बरेच केले, पण खाली वाकून कोणी बघितलं नव्हतं. धुराला वास असतो म्हणून आपण सावध होतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नसतो, रंग नसतो, आणि डोकं जड होणं, मळमळणं ही त्याचीच पहिली लक्षणं. त्यामुळे 'बघू कधीतरी' म्हणायची सोय राहिली नाही.

तयार पाइप मिळाला. पत्रा तुपाच्या डब्याच्या जाडीचा आणि बेंड दोन बोटं सरकलेला. लावून पाहिला तर खालच्या पत्र्याला घासत होता. परत केला आणि जाहीर केलं की आता घरीच बनवणार. इंजिनाला बसणारी जाड पट्टी म्हणजे फ्लँज, पुढचा पाइप त्याच्या वळणांसकट, मागची शेपटी आणि तीन टांगण्या, एवढं मी करणार. सायलेन्सरचा ड्रम तेवढा चांगल्या जाडीचा विकत आणला.

वेल्डिंग कोणतं करायचं हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नव्हता. माझ्याकडे मशीन होतं. २०० अँपिअरचं इन्व्हर्टर, रॉडने करायचं, ज्याला सगळे नुसतं 'आर्क' म्हणतात. तीन वर्षांपूर्वी गच्चीतल्या कुंड्यांसाठी त्यावर अँगलचा एक स्टँड केला होता. तुळस अजून त्यावर उभी आहे, आणि तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला वेल्डर समजत होतो.

अँगल पाच मिलिमीटरचा होता. १६ गेजचा पाइप म्हणजे जेमतेम १.६ मिलिमीटर. हा फरक काय असतो ते पहिल्याच तुकड्याने दाखवलं. भंगारातून काळ्या पाइपचे हातभर तुकडे आणून वाइसमध्ये धरले. ६०१३ जातीचा अडीच मिलिमीटरचा रॉड, ज्याला दुकानात 'बारा नंबर' म्हणतात, आणि मशीन ७५ वर. आर्क पेटला. काळ्या काचेतून लालसर डबकं दिसलं, त्याच्या मधोमध एक काळा ठिपका आला, आणि त्या ठिपक्यातून मला पाइपची पलीकडची भिंत दिसली. भोक. ते बुजवायला गेलो तर भोकाच्या कडा मागे सरकल्या आणि त्याची खिडकी झाली. करंट ५५ वर आणला तर रॉड चिकटून बसायला लागला. सोडवायला हिसका दिला की पाइपच वाइसमधून निघून रॉडच्या टोकाला लोंबायचा.

शेजारचे भाई गॅलरीतून बघत होते. ते म्हणाले, "काका, आ तो पातळुं छे, काणुं ज पडशे." पातळ आहे, भोकच पडणार, हे मला एव्हाना समजलं होतं.

तरी मी आठवडाभर हटलो नाही. दोन मिलिमीटरचे रॉड आणले. होल्डर निगेटिव्हला लावला, म्हणजे पाइपकडे उष्णता थोडी कमी जाते. सलग ओढायचं सोडून दिलं. एक ठिपका, थांबायचं, लाली गेली की त्याला अर्धा चिकटून दुसरा ठिपका. मध्ये मध्ये रॉडच्या लेपाची वर जमणारी खपली ठोकून काढायची, नाहीतर पुढच्या ठिपक्याखाली ती गाडली जाते. या रीतीने एक जोड पुरा झाला. वरून ओबडधोबड, पण बंद. मला इतका आनंद झाला की त्याला हॅक्सॉने उभा चिरून आत बघावं असं वाटलं, आणि ते वाटलं म्हणून बरं झालं. आत चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखे गोळे लोंबत होते आणि दोन ठिकाणी गोळ्यांच्या मध्ये काळी खपली अडकलेली होती. ही खपली आज भोक बुजवून बसते. गाडी तापली, हादरली, की निघून पडते.

त्याच आठवड्यात टाके, म्हणजे तुकडे जागेवर धरणारे छोटे ठिपके, मारताना दोन-तीनदा 'एवढ्यासाठी कशाला' म्हणून हेल्मेट खाली न घेता नुसते डोळे मिटले. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन जाग आली. आईने बटाट्याचे काप कापून पापण्यांवर ठेवले. गार वाटतं, बाकी काही नाही. चोवीस तासांत आपोआप उतरलं. पापणीतूनही तो उजेड आत जातो, हे ज्याने एकदा भोगलंय तो पुन्हा हेल्मेट वर ठेवत नाही.

आणखी एक मूर्खपणा सांगून टाकतो. घरात नळकामातला दीड इंची जीआय पाइपचा तुकडा पडला होता. म्हटलं जाड आहे, यावर हात बसवू. आर्क लागताच पांढरा धूर आणि कापसाच्या तुसांसारखं काहीतरी हवेत तरंगायला लागलं. तो जस्ताचा मुलामा. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं आणि लोखंड वितळायला १५०० च्या आसपास लागतात, म्हणजे जोड होण्याआधी जस्ताची वाफ तुमच्या नाकात. संध्याकाळी थंडी वाजून आली, तोंडाला गोडसर धातूची चव. मेहुण्याला फोन केला तर म्हणाला, "भाऊजी, दूध प्या, गूळ खा, सगळे तेच करतात." दूध प्यायलो, गूळ खाल्ला, आणि ताप त्याच्या वेळेनेच उतरला. जीआयचा तुकडा भंगारात गेला.

मग गॅस. आमच्या भागात जुन्या गाड्यांचे सायलेन्सर अजून गॅसने जोडणारे एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसलो. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन, ज्योतीचं तापमान तीन हजार अंशांच्या वर. पण ते काम करताना बघितलं तर घाई कुठेच नव्हती. आधी ज्योत पिवळी, धुरकट. मग ऑक्सिजन वाढवत वाढवत आतला निळसर-पांढरा सुळका टोकदार आणि स्वच्छ होईपर्यंत चावी फिरवायची. सुळक्याभोवती पिसासारखी झालर राहिली तर ॲसिटिलीन जास्त, सुळका आखडून सूं-सूं करायला लागला तर ऑक्सिजन जास्त. एका हातात ज्योत, दुसऱ्या हातात तार. डबकं पातळ झालं की तार आत बुडवायची, तेवढ्याने ते गार होतं. भोक पडायची वेळ आली की ज्योत नुसती उचलायची. आर्कमध्ये ही सवलतच नाही. "आ तो लोखंडने लाड लडाववाना छे," ते म्हणाले. त्यांचा जोड कानस न लावता बोटाला गुळगुळीत लागत होता.

मी जवळजवळ तिथेच थांबलो असतो. दोन गोष्टी आड आल्या. गॅसची उष्णता पसरते. एक जोड होईपर्यंत वीतभर पाइप लाल होतो आणि सरळ धरलेला तुकडा केळ्यासारखा होतो. आणि फ्लँज आठ मिलिमीटरची, पाइप १.६ चा. फ्लँज तापेपर्यंत पाइप वितळून गेलेला. मिस्त्रींना ते जमतं, ज्योत नव्वद टक्के फ्लँजवर ठेवून. मला दहा जन्मांत जमेल. शिवाय आमच्या वाड्याच्या जिन्याखाली ॲसिटिलीनची टाकी ठेवायला आईने परवानगी दिली नसती, आणि बरोबरच केलं असतं.

पितळेचा डाग द्यायचंही त्यांनी सुचवलं. भांड्याला डाग देतात तसाच, फक्त जास्त तापमानाचा. पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे पाइप वितळायचा प्रश्नच नाही. शेपटीला चाललंही असतं. पण इंजिनाजवळचा पाइप चढावर लालभडक होऊ शकतो आणि तिथे पितळ फार काठावर येतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे एकदा पितळ लागलेल्या जागी पुढे कधी नीट वेल्डिंग होत नाही, ते घासून पूर्ण काढावं लागतं. आधीच्या मालकांनी असे डाग देऊन ठेवलेले सायलेन्सर मिस्त्रींच्या दारात ढीगभर पडले होते.

मेहुण्याची मकरपुरा जीआयडीसीत शेड आहे, रॅक आणि ट्रॉल्या करतो. तो म्हणाला, "रविवारी या. सीओटूवर बघा." सीओटू म्हणजे ज्याला पुस्तकात मिग म्हणतात ते. बंदुकीचा घोडा दाबला की ०.८ मिलिमीटरची तांब्याचा मुलामा दिलेली तार आपोआप बाहेर येते, भोवती कार्बन डायऑक्साइड वाहतो, खपली नाही, रॉड बदलणं नाही. अर्ध्या तासात माझे जोड असे दिसायला लागले की मी फोटो काढून घरी पाठवले.

मेहुण्याच्या माणसाने तो जोड वाइसमध्ये धरला आणि हातोडीने पाइप चपटा केला. वेल्डची ती देखणी पट्टी एका बाजूने सुटून वर आली, पापडासारखी. खाली पाइपची मूळ कड, अगदी कापल्यासारखी, न वितळलेली. सीओटूची ही खोड तेव्हा कळली. रॉडने कच्चं केलं तर ते कच्चंच दिसतं. इथे तार वितळून पाइपवर नुसती बसते, पाइप वितळलेलाच नसतो, आणि वरून सगळं गोंडस. मी भोक पडेल या भीतीने व्होल्टेज खाली ठेवलं होतं. त्याने ते चढवलं, तारेचा वेग थोडा वाढवला आणि म्हणाला, "काच विसरा, आवाज ऐका." फट्-फट् असा तुटक आवाज होता तो एकसारखा झाला, पत्र्यावर बारीक पाऊस पडल्यासारखा. मग सलग न ओढता एकेक सेकंदाचे दाब. पुढचा जोड चपटा केला तर पाइप शेजारी फाटला, वेल्ड नाही फाटला.

त्यानंतर मी मेहुण्याचं छोटं मशीन घरी आणलं आणि अंगणात बसून एक अख्खा जोड वाया घालवला. वाऱ्याची झुळूक आली, गॅस उडाला, आणि वेल्डमध्ये भोकंच भोकं. ढोकळ्याला अशी जाळी पडली असती तर बायकोचं कौतुक झालं असतं. त्यावर कोणीतरी गॅस न लागणारी, आत फ्लक्स भरलेली तार सुचवली. ती आणली आणि उलट्या टोकाला जोडून एक दिवस नुसत्या ठिणग्या उडवल्या. गॅसवाल्या भरीव तारेला बंदूक पॉझिटिव्ह लागते, फ्लक्सवालीला निगेटिव्ह. मशीनच्या आत दोन नट बदलायचे असतात. बदलल्यावर ती चालली, वाऱ्यातही चालली, पण खपली आणि ठिणग्यांचे दाणे परत आले. मी पडदे लावून गॅसवर परतलो.

इथपर्यंत मी काळ्या पाइपबद्दलच बोलतोय. आता वळणांचा प्रश्न. पाइप घरी वाकवला की आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि बाहेरची भिंत पातळ होते. वाळू भरून, तापवून, सगळं करून पाहिलं. मेहुणा म्हणाला, "त्या भानगडीत पडू नका. डेअरीचे बेंड आणा."

बडोद्यात राहण्याचा हा फायदा. आणंद इथून चाळीसेक किलोमीटर. दूध, औषधं, रसायनं, सगळ्यांच्या कारखान्यांना लागणारं स्टेनलेसचं पाइपकाम या पट्ट्यात होतं, आणि दुधाच्या पाइपलाइनला लागणारे तयार बेंड इथे सुटे मिळतात. ३०४ जातीच्या स्टेनलेसचे, आतून-बाहेरून पॉलिश केलेले, भिंत १.६ मिलिमीटर. म्हणजे एक्झॉस्टसाठी मापून केल्यासारखे. मी उत्साहात आधी पाइप-फिटिंगच्या दुकानात गेलो, दीड इंची एल्बो मागितला आणि घेऊन आलो. पाइपावर ठेवला तर ढगळ. नळाच्या पाइपचं दीड इंच हे नाव आहे, बाहेरून तो ४८.३ मिलिमीटर भरतो. डेअरीच्या पाइपचं दीड इंच खरोखर बाहेरचं माप, ३८.१. माझा जुना पाइप दीड इंचाला जवळचा होता, म्हणून मला दुसरा हवा होता. दुकानदाराने बदलून दिला, थोडं हसून.

त्याच दुकानदाराने जिन्याच्या कठड्याचा पाइपही दाखवला, निम्म्या किमतीत. तो बहुधा २०२ जातीचा. चुंबक दोन्हींना लागत नाही, त्यामुळे चुंबकाने काही कळत नाही. मेहुण्याकडे थेंबाची बाटली आणि नऊ व्होल्टची बॅटरी असते. थेंब टाकून बॅटरी लावली आणि लालसर झालं की २०० मालिका, म्हणजे निकेल कमी करून मँगनीज भरलेलं. ३०४ मध्ये क्रोमियम अठरा टक्के, निकेल आठ. कठड्याला काहीही चालतं. जिथे रोज तापणार, गार होणार आणि आत पाणी साचणार, तिथे मला तो वाचवलेला पैसा नको होता.

पण स्टेनलेस घेतलं आणि वेल्डिंगचा प्रश्न परत पहिल्या पायरीवर आला. साध्या तारेने ते जोडायचं नसतं, आणि सीओटूने केलं तर वेल्डमध्ये कार्बन वाढून गंज धरतो. इथे 'आर्गन' लागतं. पुस्तकात टिग. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांचं मॅग्नेशियम जोडायला हेलियम वापरून ही रीत बसवली गेली, आपल्याकडे सगळीकडे आर्गनवर चालते म्हणून नावही तेच पडलं. टंगस्टनची टोकदार सुई, जी ३४२२ अंशांपर्यंत वितळत नाही, ती नुसता आर्क धरते. तार वेगळी, हाताने घालायची. गॅसवाल्या म्हाताऱ्या मिस्त्रींचंच काम, फक्त ज्योतीऐवजी विजेची सुई आणि उष्णता चिमटीत धरल्यासारखी एका जागी.

पहिले दोन जोड मी एका छोट्या शेडमध्ये करून घेतले. तिथल्या वेल्डरने विचारलं, "अंदर गॅस डालना है?" मी विचारलं, त्याने काय होतं. "अंदर से साफ रहता है." मी म्हटलं, आतून कोण बघतंय, धूरच जाणार आहे. चूक माझी. जोड बाहेरून सुंदर आला, सोनेरी-निळसर कडा, नाण्यांची माळ आडवी पाडल्यासारख्या लाटा. घरी आणून सवयीने आत बोट घातलं तर बोटाला खडबडीत लागलं. टॉर्च मारला. आत काळपट करडी, जळक्या साखरेसारखी दाणेदार पट्टी, सबंध गोल. वाइसमध्ये धरून थोडा पीळ दिला तर त्या दाण्यांमधून तडा गेलेला दिसला, अर्ध्या बोटाएवढा.

मेहुण्याच्या ओळखीचे एक मिस्त्री रिफायनऱ्यांच्या शटडाउनला पाइप-वेल्डिंग करत फिरलेले. त्यांना तो तुकडा दाखवला. "ये तो शक्कर है," ते म्हणाले, आणि मग सावकाश समजावलं. आर्गन फक्त बाहेरून वितळलेल्या धातूला झाकतो. आतल्या बाजूला तेवढाच तापलेला धातू उघड्या हवेत असतो. त्यातलं क्रोमियम ऑक्सिजन ओढून घेतं. ज्या क्रोमियमसाठी स्टेनलेसचे पैसे मोजले तेच त्या जागी जळून जातं, आणि उरतो तो भुसभुशीत खडबडीत भाग, जिथून तडा सुरू होतो. साध्या पोलादाला हा त्रास नाही. म्हणजे आतून गॅस न देता केलेलं आर्गनचं स्टेनलेस हे माझ्या हातच्या सीओटूच्या काळ्या पाइपपेक्षा वाईट. बाहेरून बघणारा कोणीही उलटं सांगेल.

त्यांनी तयार व्हायला एक रविवार दिला आणि एक अट घातली. "बाबूजी, फिटिंग आप करोगे. लेकिन फाँक में नाखून नहीं जाना चाहिए."

तो रविवार यायच्या आधीचे पंधरा दिवस मी वेल्डिंग केलंच नाही, फक्त कापलं आणि घासलं. सगळ्यांत जास्त शिकलो ते या पंधरा दिवसांत. पातळ पाइपमध्ये भोक का पडतं याचं अर्धं उत्तर मशीनमध्ये नव्हतंच, फटीत होतं. हॅक्सॉने कापलेल्या दोन तोंडांमध्ये एका बाजूला दोन मिलिमीटरची फट, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मी ती फट रॉडने भरत बसलो होतो. पाइपाभोवती सरळ कापलेली कागदाची पट्टी गुंडाळायची, तिच्या कडेने रेघ मारायची, रेघेवर कापायचं, मग काचेवर सँडपेपर ठेवून तोंड घासायचं. दोन तोंडं एकमेकांवर ठेवून मागे टॉर्च धरायचा. उजेड दिसला की परत घासायचं. आजोबांची बारा इंची कानस या कामी आली. ते कलाभवनात शिकले होते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या त्या संस्थेत मुलांना आधी कानस धरायला लावत, असं वडील सांगायचे. मी ती कानस इतकी वर्षं दाराला टेकू म्हणून वापरत होतो.

स्टेनलेसला वेगळी कानस आणि वेगळी चकती ठेवली. लोखंडावर वापरलेली चकती स्टेनलेसवर फिरवली की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि महिन्याभरात तिथे गंजाचे ठिपके येतात.

टाके गाडीवरच मारायचे ठरवलं, कारण तिथे जे जुळतं तेच खरं. बॅटरीची वायर काढली. अर्थचा चिमटा पाइपलाच, जोडापासून वीतभर अंतरावर लावला, नाहीतर करंट गाडीच्या बेअरिंगांमधून फिरून येतो. वाळूची बादली आणि ओलं गोणपाट जवळ. शेपटीचा भाग मात्र पेट्रोलच्या टाकीजवळ येतो, तिथे खुणा करून पाइप बाहेर काढला आणि टाके ओट्यावर मारले. एकेका जोडाला चार टाके, समोरासमोर. ओळीने मारले तर पहिल्या बाजूला पाइप ओढला जातो आणि दुसरीकडे फट उघडते.

रविवारी मिस्त्री आले. पाइपची दोन्ही तोंडं त्यांनी बायकोच्या पोळ्या गुंडाळायच्या फॉइलने बंद केली. एका बाजूला खालून आर्गनची नळी, दुसऱ्या बाजूला वर एक बारीक भोक. आर्गन हवेपेक्षा जड, म्हणून खालून भरत जातो आणि हवेला वरून बाहेर ढकलतो. पाइपात जागा पाऊण लिटरही नाही, मिनिटाला पाच लिटरने मिनिटभर सोडला की पुरे. ३०८ एल ची, स्टेनलेसची तार, ६० च्या आसपास अँपिअर. हात पाइपावर टेकवलेला, करंगळी सरकवत सरकवत पाव गोल, मग पाइप फिरवून दुसरा पाव. माझे चार टाके त्यांनी एकेक करून वितळवून त्यात मिसळून टाकले, दिसेनासे केले. एकाही जागी तार जास्त घालावी लागली नाही. "फिटिंग ठीक है," ते म्हणाले. त्या दिवसात मला मिळालेलं प्रमाणपत्र ते एवढंच.

फ्लँज साध्या पोलादाची, पाइप ३०४ चा. तिथे ३०९ एल ची तार लागते, दोन वेगळ्या जातींना जोडणारी. फ्लँज आधी वीस मिलिमीटरच्या जाड प्लेटवर बोल्टने आवळली. तरी गार झाल्यावर फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातलं तर मध्ये ०.३ मिलिमीटर उचललेली. स्टेनलेस उष्णता साध्या पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच पुढे नेतं, म्हणून ती जोडापाशी साठते. शिवाय ते जास्त फुगतं. ५०० अंशांनी तापला तर मीटरभर साधा पाइप सातेक मिलिमीटर वाढतो, ३०४ चा नऊच्या आसपास. फ्लँजचं तोंड आजोबांच्या कानसने दोन संध्याकाळी बसून सपाट केलं. टांगण्यांना रबर लावलं ते याचसाठी, पाइपाला सरकायला जागा हवी.

मग उरलेलं माझं काम. शेपटी काळ्या पाइपची, सीओटूने, पडदे लावून. टांगण्या आठ मिलिमीटरच्या सळीच्या, त्या रॉडने, बारा नंबरने, ८० अँपिअरवर, आणि तिथे ते मशीन झकास चाललं. पुढचा पाइप ड्रमला वेल्ड केला नाही, आत सरकवून क्लँप मारला, पुढेमागे ड्रम बदलायचा झाला तर कापाकापी नको. लोक विचारतात, शेवटी कोणती पद्धत निवडलीस. एका पाइपात रॉड, सीओटू, आर्गन तिन्ही आहेत आणि तिथे क्लँपही आहे.

गळती बघायला घरातला व्हॅक्यूम क्लीनर उलटा, फुंकायच्या बाजूने, शेपटीला फडक्याने गुंडाळून लावला आणि भांड्यांच्या साबणाचं पाणी ब्रशने जोडाजोडावर फिरवलं. भाचा टॉर्च धरून खाली आडवा. मिस्त्रींचे जोड कोरडे. फ्लँज कोरडी. शेपटीच्या दुसऱ्या जोडावर, जिथे मी एक ओढ संपवून दुसरी सुरू केली होती, तिथे फेसाचा एक बारीक फुगा आला, फुटला, परत आला. सुई जाईल एवढं भोक. तो भाग काढून बाहेर आणला, घासला, घोडा एक सेकंद दाबला. परत साबण. फुगा आला नाही.

संध्याकाळी बायको आणि मी त्याच पुलावरून गेलो, काचा वर करून. गाडीचा आवाज खाली बसला होता, भरीव. फतेगंजला जाऊन परत येईपर्यंत ती काही बोलली नाही. घराच्या कोपऱ्यावर वळताना तिने नाक वर केलं.

"अहो, आता पेट्रोलचा वास येतोय."

कार्बोरेटर.